शेतात सर्वेक्षक जातो, खाडीत का जात नाही? मत्स्यव्यवसाय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. आयुक्त,
मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: कोकण किनाऱ्यावर विषारी शैवालाच्या बहरांवर आणि शिंपल्यांवर नियमित देखरेख सुरू करण्याबाबत.

महोदय,

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या पंक्तीला बसवणारा हा निर्णय आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करते. याच निर्णयाच्या आधारे एक मागणी आपल्यापुढे ठेवते आहे. शेतकऱ्याला सरकारकडून आणखी एक गोष्ट मिळते, जिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. ती म्हणजे पिकावरच्या किडीचे दर आठवड्याचे सर्वेक्षण. कोकणातल्या खाड्यांनाही ते द्या.

मी पुण्यात राहते. माझी नोकरी कृषी कीटकशास्त्रात गेली, त्यातली काही वर्षे क्रॉपसॅपच्या कामात. 2008 च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी राज्यातल्या सोयाबीनचा फडशा पाडला. शेतकऱ्याच्या नजरेस अळी आली तोवर ती मोठी झाली होती आणि फवारणीची वेळ निघून गेली होती. त्यानंतरच्या वर्षी क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या गावात, ठरलेल्या प्लॉटमध्ये सर्वेक्षक ठरलेल्या वारी जातो. मीटरभर ओळीत अळ्या किती, कामगंध सापळ्यात पतंग किती, हे मोजून नोंदवतो. आकडा आर्थिक नुकसानीच्या पातळीपुढे गेला की त्या भागातल्या शेतकऱ्यांना सल्ला जातो. या कामात झगमगाट नाही. कित्येक आठवडे सर्वेक्षकाला विशेष काही सापडत नाही. पण शून्यसुद्धा लिहून ठेवावे लागते, कारण मागचे शून्य कागदावर नसेल तर वाढ कधी सुरू झाली ते कळायला मार्ग नाही.

माझे माहेर रत्नागिरीजवळ, खाडीकाठी. तिथे ओहोटीला पाणी उतरले की बायका छोटी कोयती घेऊन कातळावर बसतात. कालवाचे वरचे कवच नेमक्या जागी टोचले की निघून येते. आतला गर वाटीत जातो आणि खालचे कवच कातळालाच चिकटलेले राहते. दोन-तीन तास पाण्यात ओणवे बसून जेमतेम एक भांडे भरते. तेवढ्यावर त्या दिवसाचा बाजार होतो. तिसऱ्या, शिनाणे, मुळे या इतर शिंपल्या काढणाऱ्यांचेही हेच. यांच्यापैकी बहुतेकींकडे ना होडी, ना जाळे. खाडी हेच त्यांचे शेत, आणि त्या शेतावर काय पडले आहे ते त्यांना सांगणारे कुणी नाही.

कालव, तिसरी, शिनाणे हे सगळे पाणी गाळून जगणारे जीव. एक कालव तासाला काही लिटर पाणी गाळते आणि त्यातले सूक्ष्म शैवाल पोटात ठेवते. हे शैवाल बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, नव्हे, समुद्रातल्या सगळ्या अन्नाचा पाया तेच आहे. पण त्यातल्या काही जाती विष तयार करतात. अलेक्झांड्रियम आणि जिम्नोडिनियम कॅटेनाटम यांचे सॅक्सिटॉक्सिन नसांवर आघात करते. डायनोफायसिसच्या विषाने जुलाब-उलट्या होतात. सूडो-निट्झशियाच्या डोमोइक आम्लाने स्मृती जाते. 1987 मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिनाणे खाऊन शंभरावर माणसे आजारी पडली, तीन दगावली, आणि काहींची आठवण परत आलीच नाही. या विषांनी शिंपल्याला फारसे काही होत नाही. त्याचा रंग, वास, चव बदलत नाही. सॅक्सिटॉक्सिन उकळून जात नाही आणि आमसुलाच्या आंबटानेही मरत नाही. घरातली अनुभवी बाई मासा ताजा की शिळा हे कल्ला उचलून सांगते, पण इथे तिचा अनुभवसुद्धा कामाला येत नाही.

हे परदेशातले दुखणे आहे असे कुणी म्हणू नये. 1981 मध्ये तमिळनाडूत शिंपल्या खाऊन 85 जणांना रुग्णालयात न्यावे लागले, तिघांचा मृत्यू झाला. 1983 मध्ये मंगळूरजवळ असाच प्रकार घडला. सप्टेंबर 1997 मध्ये केरळात विळिंजम येथे शिनाणे खाल्लेली सात माणसे गेली आणि पाचशेहून अधिक रुग्णालयात दाखल झाली. सप्टेंबर 2004 मध्ये कोल्लम ते विळिंजम या पट्ट्यात किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला, आणि समुद्राकडून आलेल्या दुर्गंधीने दोनशेहून अधिक लोकांना, त्यातही मुलांना, मळमळ आणि धाप लागली. मंगळूर काय, विळिंजम काय, समुद्र तोच आहे. कोकणचा किनारा त्याच अरबी समुद्राचा, त्याच मोसमी वाऱ्यांचा.

यातल्या शेवटच्या दोन घटनांचा महिना सप्टेंबर आहे, तो ध्यानात घ्यावा. जूनपासून मोसमी वारे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी ढकलतात आणि खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. हे केरळ-कर्नाटकाकडे जोरात असते, उत्तरेकडे येता येता मंदावते, तरी गोवा-सिंधुदुर्गापर्यंत त्याचा हात पोहोचतो. नद्या भरभरून नायट्रोजन-फॉस्फरस आणतात. मग पाऊस ओसरतो, पाणी निवळते, ऊन पडते, लाटा शांत होतात. शैवालाला याहून चांगला हंगाम नाही. आणि नेमका तेव्हाच श्रावण संपलेला असतो, गणपती जातात आणि पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. कोकणात उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांनाही त्याच महिन्यांत कालवांचे सुके आणि तिसऱ्यांचे कालवण हवे असते.

शैवालाची अशी एकाएकी होणारी वाढ म्हणजे बहर. तो निसर्गाचाच, तर सरकारने काय करायचे, असा प्रश्न येईल. निसर्गाचा वाटा मोठा आहे हे मान्यच. पण आपण त्यात भर घालतो आहोत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात प्राणवायू कमी असलेला पट्टा अधिक तीव्र होतो आहे, आणि जमिनीवरून वाहून येणारे खतांतले नायट्रोजन हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. मी आयुष्यभर शेतकऱ्यांत वावरले आहे. मुसळधार पावसाच्या तोंडावर फोकलेल्या युरियातला किती पिकाला लागतो आणि किती ओढ्याला जातो, हे मी बांधावर उभी राहून पाहिले आहे. शहरांचे सांडपाणी तर बारमाही.

नुसते खत वाढते असेही नाही, त्याचे प्रमाणही बिघडते. डायटम या काचेच्या कवचाच्या शैवालाला नायट्रोजन-फॉस्फरसबरोबर सिलिकाही लागते. सिलिका खडकांतून येते आणि धरणांच्या तळाशी अडते. नायट्रोजन-फॉस्फरस सांडपाण्यातून आणि खतांतून वाढत राहतात. सिलिका संपली की डायटम थांबते आणि ज्यांना ती लागत नाही अशा डायनोफ्लॅजेलेट या शैवालाच्या दुसऱ्या गटाचे फावते. विष करणाऱ्या जाती बहुतांश याच गटातल्या. त्यातल्या काही जाती वाईट काळात जाड कवचाची सुप्त पेशी करून खाडीच्या गाळात पडून राहतात, जसा अळीचा कोष पुढच्या पावसापर्यंत जमिनीत राहतो, आणि अनुकूल पाणी मिळाले की पुन्हा उठतात. जहाजांच्या तोल सांभाळायच्या पाण्यातून अशा पेशी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातात. या प्रश्नावर जगभरात पथदर्शी कामासाठी जी सहा बंदरे निवडली गेली, त्यांत मुंबई होती. म्हणजे जोखीम आपल्या दारात आहे हे फार पूर्वीच ओळखले गेले होते.

पुण्यात बसून समुद्राची काळजी कशाला, हा टोमणा मी ऐकला आहे. आमच्या मुळा-मुठेचे मैलापाणी कोकणात जात नाही, ते भीमेतून उजनीत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याचे काय होते ते उजनीच्या हिरव्या पाण्यावर रोज लिहिलेले आहे आणि त्याबद्दल पुण्याच्या महापालिकेला वेगळे पत्र लिहायला हवे. पण पुणे जिल्ह्याचे पाणी अरबी समुद्राला मिळतच नाही असे मात्र नाही. मुळशी धरणाचे पाणी विजेसाठी घाटाखाली भिऱ्याला सोडले जाते. तिथून ते कुंडलिकेतून, रोह्याच्या औद्योगिक वसाहतीवरून, रेवदंड्याच्या खाडीत जाते. कोयनेचे पाणी पोफळीला उतरून वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत. घाटमाथा आणि किनारा वेगळे धरून चालण्याची सोय आपणच या धरणांनी संपवली आहे.

आता देखरेखीबद्दल. हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्रीय संस्थेची शैवालबहर माहिती सेवा आहे. समुद्राचा रंग उपग्रहातून पाहून हरितद्रव्य कुठे वाढले ते ती सांगते. 26 नोव्हेंबर 2022 रोजी इस्रोने सोडलेला ओशनसॅट-3 हा उपग्रह तेरा रंगपट्ट्यांत समुद्र पाहतो. हे काम मोलाचे आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण या सेवेने बहरांचे चार मुख्य पट्टे धरले आहेत: ईशान्य अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचे आखात आणि ओडिशातले गोपाळपूर. कोकणातल्या खाड्या त्या यादीत नाहीत. पाण्याची गुणवत्ता सतत मोजणारे तरंगते बोये कोची आणि विशाखापट्टणमजवळ आहेत, आपल्याकडे नाहीत.

आणि यादीत असत्या तरी पुरले नसते. ओशनसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे सुमारे 360 मीटरचा चौरस. कित्येक खाड्यांचे तोंड त्याहून अरुंद. किनाऱ्याचे पाणी गढूळ, त्यात चिखल कोणता आणि शैवाल कोणते हे वरून वेगळे करणे कठीण. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले, म्हणजे ऐन हंगामात नजरेवर पडदा. सर्वांत मोठी अडचण ही की विष रंगावर अवलंबून नसते. डायटमच्या लक्षावधी पेशी लिटरभर पाण्यात असतील, पाणी तपकिरी दिसेल, आणि त्यात काही वाईट नसेल. फ्रॅजिलारिया ओशियानिका या डायटमचा बहर आला की तारलीचा हंगाम चांगला, असा ताळा आपल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी पूर्वीच मांडला आहे. उलट डायनोफायसिसच्या लिटरला काही शे पेशी शिंपल्या विषारी करायला पुरतात, आणि तेव्हा पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. त्या पेशी कोणत्याही उपग्रहाला दिसणार नाहीत.

2020 च्या नोव्हेंबरात जुहू आणि देवगडला रात्री निळ्या लाटा चमकल्या. लोक मोबाइल घेऊन धावले, बातम्या आल्या, चार दिवसांत विषय संपला. ती नॉक्टिल्युका, समुद्रात तरंगणारा एकपेशी जीव. तिची एक पेशी मिलिमीटरच्या आसपास, नीट पाहिले तर उघड्या डोळ्यांना दिसणारी. ती विष करत नाही, पण अमोनिया साठवते, डायटम फस्त करते, आणि मरून कुजली की पाण्यातला प्राणवायू संपवते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटमची जागा हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतल्याचे हेल्गा गोम्स, जोआकिम गोज हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडले. चमकते ते डोळ्यांत भरते, म्हणून त्याची बातमी होते. न चमकणाऱ्याची नोंद कोण ठेवते आहे, हा माझा प्रश्न आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ खाड्यांतल्या पाण्याचा प्राणवायू, सामू, जिवाणू मोजते. पण त्या आकड्यांतून पाण्यात कोणती जात वाढते आहे ते समजत नाही.

ते समजायला लागते बादली, वीस मायक्रॉन छिद्रांची जाळी, आयोडीनचे द्रावण आणि सूक्ष्मदर्शक. पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात आयोडीन घालून पेशी मारून टिकवायच्या, रात्रभर खाली बसू द्यायच्या. मग त्यातले एक मिलिलिटर मोजणीच्या काचपट्टीवर ठेवायचे. या पट्टीवर हजार चौकोन कोरलेले असतात, एकेक चौकोन पुढे सरकवत मोजायचे. सूडो-निट्झशियाच्या पेशी टोकाला टोक चिकटवून सुईसारखी साखळी करतात. डायनोफायसिसला कडेला पंखासारखी झालर असते. एकदा ओळख पटली की विसरत नाही. कपाशीच्या पानामागची तुडतुड्यांची पिल्ले मोजणाऱ्या मुलामुलींना मी हे काम सहज करताना कल्पू शकते. जात नक्की करायला आणि विष मोजायला मात्र तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा लागतील, आणि त्या आपल्याकडे आहेत: शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालते, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हिंदी महासागराच्या तापमानावर आणि प्लवकांवर, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात खाड्यांतल्या भरती-ओहोटीच्या प्रवाहांवर. यांना एका टेबलाशी बसवणे एवढेच बाकी आहे, आणि ते सरकारशिवाय कुणी करू शकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. रेवदंडा, दाभोळ, भाट्ये, देवगड, मालवण अशा, जिथे शिंपल्या काढल्या जातात, त्या सहा-सात खाड्या निवडाव्यात. ऑगस्ट ते डिसेंबर दर आठवड्याला आणि उरलेले महिने पंधरवड्याला पाणी तपासावे. त्याबरोबर शिंपल्यांचा गरही तपासावा, कारण पाण्यातले शैवाल ओसरल्यावरही विष गरात आठवडेच्या आठवडे राहू शकते. युरोपात शिंपल्याच्या किलोभर मांसात सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा 800 मायक्रोग्रॅम आहे. तिकडच्या ग्राहकाला ज्या मापाने जपले जाते, त्याच मापाने दापोलीच्या ग्राहकाला जपावे. निकाल मराठीत, त्याच आठवड्यात, मच्छीमार सोसायट्यांच्या आणि ग्रामपंचायतींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जावा. सगळे ठीक असेल तर ‘ठीक आहे’ असाही जावा. आयर्लंडची मरीन इन्स्टिट्यूट दर आठवड्याला असे पत्रक काढते. कॅलिफोर्नियात तर दरवर्षी 1 मे ते 31 ऑक्टोबर लोकांनी स्वतः काढलेले शिनाणे खायलाच बंदी असते.

इथे मच्छीमारांची एक भीती आहे आणि ती रास्त आहे. ‘विष’ हा शब्द उच्चारला की पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक पापलेटसुद्धा परत करील. पण आज देखरेख नसतानाही ही टांगती तलवार आहेच. एखाद्या मेलेल्या माशांच्या व्हिडिओने अख्खा बाजार बसू शकतो, आणि ‘आमची खाडी स्वच्छ आहे’ असे सांगायला कुणाच्या हाती कागद नसतो. नियमित तपासणी असली तर बंदी एका खाडीपुरती, एका जातीपुरती, दोन-तीन आठवड्यांपुरती राहते. पोट काढून साफ केलेल्या मोठ्या माशाच्या मांसात सॅक्सिटॉक्सिन सहसा साठत नाही, हेही त्याच पत्रकात छापता येते. मात्र बंदी आली की त्या बायकांची मजुरी बुडणार, आणि ती भरून द्यायलाच हवी. गारपिटीचा पंचनामा होतो तसा याचाही झाला पाहिजे. भरपाई नसेल तर नमुना द्यायला कुणी पुढे येणार नाही, आणि त्यांचा दोष नसेल.

आपल्याच सरकारचा दुसरा हात कोकणात बचत गटांना कालवेपालन आणि शिनाणेपालन शिकवतो आहे. कांदळवन प्रतिष्ठानची ही योजना मला फार आवडते. बायकांच्या नावावर उत्पन्न देणारी अशी योजना किनाऱ्यावर क्वचितच आली. पण उत्पादन वाढवायचे आणि तपासणी मागे ठेवायची, हे चालणार नाही. एक घटना घडली तर त्या गटांची सगळी मेहनत एका दिवसात मातीमोल होईल.

आरोग्य विभागालाही यात घ्यावे. ओठ-जिभेला झिणझिण्या, बोटे बधिर, मग श्वास अडणे, हे पाहून प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर मण्यारदंश किंवा कीटकनाशकाची विषबाधा समजू शकतो. सॅक्सिटॉक्सिनवर उतारा नाही, पण पहिला दिवस कृत्रिम श्वासावर निभावला तर रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. ‘गेल्या काही तासांत शिंपल्या खाल्ल्या का?’ हा एक प्रश्न केसपेपरवर आला तरी पुष्कळ होईल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करूनच प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे ठेवला. कोकणातल्या डॉक्टरला नोंदी ठेवणे शिकवावे लागत नाही, काय विचारायचे ते कळवावे लागते.

दरवर्षी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. ते दोन महिने सर्वेक्षक निवडायला आणि शिकवायला पुरेसे आहेत. कालवं काढणाऱ्या बायकांच्या घरातल्या, बारावी विज्ञान झालेल्या मुलींना हे काम द्यावे. ओहोटीची वेळ आणि खाडीचा तळ त्यांना कुणी सांगावा लागणार नाही. नोंदवही कशी आखायची, मोजणी कशी पडताळायची, धोक्याची पातळी ओलांडल्यावर कुणाला आधी फोन करायचा, हे शिकवायला मी रत्नागिरीत येऊन राहायला तयार आहे. मानधन नको. 1 ऑगस्टला होड्या समुद्रात जातात. त्याच आठवड्यात खाडीतून पाण्याची पहिली बाटली भरून प्रयोगशाळेत जावी, एवढा आदेश आपण काढावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कृषी कीटकशास्त्रज्ञ
पुणे